परसांतील वेल : हदगांवचीं द्राक्षें

गेल्या महिन्यांत हदगांवहून एका भगिनीचें पत्र आलें. पत्र चार पानांचें आहे. त्यांतील पहिलीं तीन पानें घरांतील माणसांविषयीं व शेवटचें एक पान द्राक्षवेलीविषयीं आहे. परंतु पत्र दोनदां वाचल्यावर माझी खात्री झाली कीं, हीं चारही पानें वेलीविषयींच आहेत. त्यांच्या सासऱ्यांनीं निवृत्त झाल्यावर, पांच वर्षांपूर्वीं, परसांत आडाच्या बाजूला द्राक्षाचें एक कलम लावलें. लोखंडी नळ्या व तारा आणून त्यावर दोन खणांचा मांडव स्वतः उभा केला. वेल मांडवाला लागली, आणि त्यापुढील पावसाळ्यांत मामंजी गेले. त्यानंतर वेलीनें सारा मांडव झांकून टाकला, तिची सांवली माळवदाच्या पायऱ्यांपर्यंत आली. पण आजवर तिनें एक घोंस म्हणून धरला नाहीं. थोरले भाऊजी म्हणतात कीं, फळ नाहीं ती वेल काय कामाची. या उन्हाळ्यांत मांडव मोडून तेथें मोटारीसाठीं पत्र्याचें छप्पर घालूं. सासूबाई वेलीला हात लावूं देत नाहींत; मोडायला तर नाहींच, पण छाटायलाही नाहीं. यजमानांच्या हातची हिरवी वेल, तिला कात्री कशी लावायची, असें त्यांचें म्हणणें. त्यांतच शेजारच्या कोणी गृहस्थांनीं सांगितलें कीं, ही वेल 'नर' आहे, हिला कधींच द्राक्षें येणार नाहींत. "आपण सांगाल तसें करूं," असें लिहून या भगिनीनें 'आपण' या शब्दाखालीं रेघ ओढली आहे.

एवढा भार या सदराच्या खांद्यावर आजवर पडला नव्हता. तरी प्रयत्न करून पाहूं.

प्रथम त्या 'नर' असल्याच्या आरोपाचा निकाल लावूं. रानटी द्राक्षांच्या जातींत नर वेल निराळी आणि मादी वेल निराळी असते, हें खरें; परंतु माणसानें हजारों वर्षें जोपासलेल्या द्राक्षांच्या बहुतेक वाणांत एकाच फुलांत दोन्ही अंगें असतात, व एकटी वेलही आपली आपण फळते. शेजारच्या गृहस्थांनीं हा नियम पपईवरून किंवा तोंडलीवरून उचलला असावा. तेथें तो लागू आहे, येथें नाहीं. तेव्हां त्या बिचारीवरील हा कलंक आधीं पुसून टाकावा.

खरें कारण पत्रांतच आलें आहे. पांच वर्षांत या वेलीला एकदांही कात्री लागलेली नाहीं.

द्राक्षवेल मूळची थंड हिवाळ्याच्या मुलुखांतली. तिकडे हिवाळा आला कीं तिचीं पानें झडतात, ती तीन-चार महिने झोंपते, वसंतांत जागी होऊन फुटते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस फळ देते. वर्षाला एक झोंप व एक बहर, असा तिचा संसार. आपल्याकडे तिला झोंप यावी इतकी थंडी पडतच नाहीं. ती बारा महिने वाढत राहते. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकांत दौलताबादेस आला होता. तेथें द्राक्षें व डाळिंबें होतात आणि त्यांना वर्षांतून दोनदां बहर येतो, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. म्हणजे मराठवाड्यांत द्राक्ष कांहीं कालपरवांचें पीक नव्हे, आणि या हवेंत वेल झोंपत नाहीं ही गोष्टही पावणेसातशें वर्षांपूर्वींच नजरेस आलेली होती. पुढें अनुभवानें बागाईतदारांना कळून आलें कीं, दोन्ही बहर घेऊं गेल्यास दोन्ही हलके येतात व वेल थकून जाते. म्हणून आपल्याकडे छाटण्या दोन आणि पीक एक, अशी रीत पडली. निसर्ग जी झोंप देत नाहीं, ती येथें कात्रीनें द्यावी लागते.

यांपैकीं पहिली छाटणी एप्रिलमधली. तिला 'खरड छाटणी' म्हणतात, आणि नांव अगदीं यथार्थ आहे. खोडावरून मांडवाच्या तारांवर नेलेल्या ज्या जाड फांद्या, ज्यांना बागेंत 'ओलांडे' म्हणतात, त्या तेवढ्या ठेवायच्या. त्यांवरील प्रत्येक काडी बुडाशीं एक किंवा दोन डोळे राखून कापायची. सारा मांडव उघडा पडतो. दुसरी छाटणी पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरांत. तिला 'गोडी छाटणी' असें गोड नांव आहे, कारण तिच्यानंतर फळ येतें. पण फळाचा खरा जन्म ऑक्टोबरांत होत नाहीं. खरड छाटणीनंतर जी नवी काडी फुटते, तिच्या पानांच्या बगलेंत नवे डोळे तयार होतात; आणि साधारण चाळिसाव्या दिवसापासून सत्तराव्या दिवसापर्यंत त्या डोळ्यांच्या आंत, बाहेरून कांहींएक न दिसतां, पुढच्या घोंसाची मांडणी होते. तो डोळा घोंसाचा व्हावयाचा कीं नुसत्या पानांचा, हें तेव्हांच ठरतें. त्या दिवसांत पानांवर लख्ख ऊन पडलें, पाणी व नत्र बेताचें मिळालें, तर डोळा घोंसाचा होतो. आभाळ भरून आलें, किंवा पानांवर पानें चढून आंत अंधार झाला, तर तोच डोळा आळशी होऊन नुसता पाला देतो. हदगांवच्या मांडवावर पांच वर्षें पानांवर पानें चढत आहेत. सांवली गर्द आहे असें या भगिनी मोठ्या कौतुकानें लिहितात. ती गर्द सांवलीच द्राक्षांना नडली.

आतां चाळीस आणि सत्तर दिवसांचा हिशेब पंचांगावर मांडून पाहावा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत छाटणी केली तर हा नाजुक काळ मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत येतो, म्हणजे मृगाचें आभाळ पुरतें दाटण्यापूर्वीं बहुतेक आटोपतो. मेपर्यंत दिरंगाई केली तर तोच काळ ऐन ढगांत सांपडतो. यास्तव तुम्हांला घरांत जो काय विचारविनिमय करावयाचा असेल, तो पाडव्याच्या सुमारास उरकून घ्यावा.

दोन गोष्टी मात्र सासूबाईंना आणि भाऊजींना आधींच सांगून ठेवाव्यात. नाहींतर छाटणीच्या दुसऱ्याच दिवशीं घरांत अनर्थ व्हावयाचा. पहिली अशी कीं, खरड छाटणीनंतर कापलेल्या जागांतून पाणी ठिबकूं लागतें. थेंब थेंब करीत एक-दोन दिवस, कधीं अधिकही, खालची फरशी ओली होते. वेल रडते असें पुष्कळजण म्हणतात, व ज्यांच्या मनांत ती यजमानांची वेल आहे त्यांना तसें वाटल्यास नवल नाहीं. परंतु तें रडणें नव्हे. मुळें जिवंत असून तीं जमिनींतून जोरानें पाणी वर ढकलीत आहेत, एवढीच ती खूण. ज्या वेलीच्या जखमा कोरड्या राहतात, तिचीच काळजी करावी. सासूबाईंना हें छाटणीनंतर समजावण्यापेक्षां आधीं सांगावें. आणि जमल्यास पहिली काडी त्यांच्याच हातून कापवावी. त्या नाहीं म्हणाल्या तर आग्रह करूं नये.

दुसरी गोष्ट भाऊजींसाठीं. छाटणीनंतर पंधरा दिवस मांडव म्हणजे नुसत्या तारा. हदगांवचें ऊन ४२ अंशांच्या वर चढलेलें, आणि सांवली मुळींच नाहीं. अशा वेळीं मोडका मांडव पाहून पत्रे आणण्याची इच्छा अनावर होते. त्यांनीं मेच्या अखेरपर्यंत धीर धरावा. दोन आठवड्यांत डोळे फुगून फुटूं लागतील, आणि पाणी वेळच्या वेळीं मिळालें तर पुढें महिन्याभरांत मांडव पुन्हां हिरवा होईल. वास्तविक भाऊजींची मागणी अगदींच अरसिक आहे असें मी म्हणणार नाहीं; मोटार उन्हांत भाजते हें खरें आहे. पण मांडव सात फूट उंच असेल तर मोटार त्याखालींही उभी राहूं शकते. पत्रा तापला कीं खालीं भट्टी होते. पानें पाणी बाष्परूपानें सोडीत असल्यामुळें वेलीखालची हवा निवत राहते. फळें पिकूं लागलीं म्हणजे मोटारीवर पांखरांचा प्रसाद पडेल, तेवढा मात्र त्यांनीं सोसावा.

हें सर्व सांगून झालें. पण एक शंका माझ्या मनांतून जात नाहीं, आणि कात्री हातीं घेण्यापूर्वीं तिचें निरसन झालेंच पाहिजे. मामंजींनीं 'कलम' लावलें असें पत्रांत आहे. गेल्या तीन-चार दशकांत महाराष्ट्रांत द्राक्ष बहुतेक स्वतःच्या मुळांवर लावीत नाहींत; 'डॉगरिज' नांवाच्या अमेरिकन जातीच्या खुंटावर तें बांधतात. तो खुंट खारट पाण्याला व दुष्काळाला दाद देत नाहीं. अमेरिकन खुंटाची ही युक्ति जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्सांतील द्राक्षबागा मुळांतील रस शोषणाऱ्या एका बारीक किडीनें उजाड केल्या, तेव्हां अमेरिकन मुळांवर फ्रेंच काडी बांधूनच त्या वांचल्या. परंतु खुंट हा शेवटीं रानटीच. कलमाच्या गांठीखालून त्याला फूट आली आणि ती वेळीं काढली नाहीं, तर ती वरच्या नाजुक काडीला उपाशी मारून स्वतः मांडवावर चढते. वेल जोमदार दिसते, सांवली भरपूर देते, आणि खाण्याजोगें फळ कधींच देत नाहीं. मामंजी गेल्यानंतरच्या वर्षीं वेलीकडे कोणाचें फारसें लक्ष नव्हतें, असें पत्रांत एक ओझरतें वाक्य आहे. त्या वर्षींच असें झालें असेल काय?

पाहणें सोपें आहे. जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर खोडाला एक गांठ किंवा फुगवटा दिसेल. मांडवावर गेलेलें खोड त्या गांठीच्या वरून निघालें आहे कीं खालून, हें बोटानें चांचपून पाहावें. पानांवरूनही अंदाज येतो. बागेंतील द्राक्षाचें पान पंजासारखें कापलेलें असतें. डॉगरिजचें पान त्या मानानें गोलसर व कमी कापलेलें. खालूनच फूट आलेली असेल, तर एप्रिलच्या छाटणीनें द्राक्ष येणार नाहीं. पण तेव्हांही वेल मोडण्याचें कारण नाहीं. मामंजींनीं लावलेलें मूळ तेंच आहे, व पांच वर्षांत तें खोल गेलें आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरांत त्यावर चांगल्या वाणाची काडी पुन्हां बांधतां येते. पोखर्णी किंवा सगरोळी येथील कृषि विज्ञान केंद्रांत विचारल्यास कलम बांधणारा जाणता माणूस कोठें मिळेल हें कळूं शकेल.

दुसरा दोष पाण्याचा आहे. न्हाणीचें व मोरीचें सारें सांडपाणी वेलीच्या आळ्यांत सोडल्याचें पत्रांत लिहिलें आहे. पाणी वायां जाऊं नये हा हेतु उत्तम. पण साबणाच्या पाण्यानें क्षार सांचतात, खरकट्याच्या पाण्यानें नत्र वाढतें, आणि आळें कधीं सुकतच नाहीं. त्यांत पैनगंगेच्या बाजूची जमीन काळी व भारी. पाणी प्याली कीं फुगते, सुकली कीं हात जाईल अशी भेगाळते. द्राक्षाच्या मुळाला पाणी हवें, पण चिखल नको. माझी स्वतःची पहिली वेल मीं अशाच मायेनें मारली. आळें रोज भरून ठेवलें, आणि तिसऱ्या पावसाळ्यांत मुळें कुजलीं. तेव्हां सांडपाणी केळीकडे व अळूकडे वळवावें. त्या दोघांना तें आवडतें. वेलीभोंवतीं मुरूम व शेणखत मिसळून वरंबा उंच करावा, म्हणजे पावसाचें पाणी बुंध्याशीं थांबणार नाहीं. छाटणीनंतर पहिले चाळीस दिवस पाणी भरपूर द्यावें, आणि मग हात आंखडावा. फुटव्यांची गर्दी झाली तर जोमदार तेवढे ठेवून बाकीचे बोटांनीं खुडावेत, व खालीं फरशीवर उन्हाचे कवडसे पडतील इतकाच मांडव दाट ठेवावा. कवडशांची ही परीक्षा मला कोणत्याही मोजपट्टीपेक्षां खात्रीची वाटते.

आतां जरा कटु बोलतों. हदगांव हें द्राक्षांचें गांव नव्हे. नांदेड जिल्ह्यांत वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तासगांव-निफाडकडे तो पुष्कळच कमी. मराठवाड्यांत द्राक्ष यशस्वी झालें तें जालना जिल्ह्यांतील कडवंचीसारख्या ठिकाणीं. त्या गांवांत १९९६ च्या सुमारास पाणलोटाचें काम सुरू झालें, पुढें शेततळीं झालीं, आणि हलक्या मुरमाड जमिनींत बागा उभ्या राहिल्या. म्हणजे जमीन निचऱ्याची आणि पाणी हातांतलें. आपल्याकडे इसापूरच्या धरणानें पाणी आणलें तें केळी, ऊस, हळद यांच्या सोयीचें. शिवाय फळ पिकण्याच्या ऐन दिवसांत अवकाळी पाऊस येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्यांत कोण विसरेल? म्हणून बाजारांतल्यासारखीं टपोरीं, लांबट, बिनबियांचीं द्राक्षें परसांत मिळतील अशी आशा धरूं नये. तीं तशीं होतात तीं संजीवकांच्या द्रावणांत घोंस बुडवून, आणि तो खटाटोप घरीं करूं नये. लहान, पातळ सालीचीं, थोडीं आंबटगोड द्राक्षें आलीं तर तीं खरीं समजावींत. जे वाचक नव्यानें वेल लावूं इच्छितात, त्यांना माझी शिफारस 'बंगलोर ब्ल्यू' या काळ्या वाणाची आहे. बिया असतात, साल जाड असते, पण त्याचें सरबत फार उत्तम होतें.

पावसाळ्यांतला मुख्य शत्रु 'केवडा'. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग व खालीं पांढरी बुरशी, अशी त्याची खूण. त्यावर बोर्डो मिश्रण हाच घरगुती उपाय. फ्रान्सांत बोर्डो प्रांतांत वाटसरूंनीं द्राक्षें चोरूं नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना फांसून ठेवीत असत. तेवढ्याच वेलींवर रोग नाहीं असें मिलार्दे या प्राध्यापकाच्या ध्यानीं आलें, आणि १८८५ मध्यें त्यानें हा उपाय प्रसिद्ध केला. चोरांसाठीं केलेली युक्ति रोगावर लागू पडावी, हा एक योगायोगच. दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम मोरचूद व शंभर ग्रॅम कळीचा चुना घ्यावा. दोन्ही निरनिराळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत अर्ध्या अर्ध्या पाण्यांत विरघळवून मग एकत्र ओतावे. लोखंडाचें भांडें वापरूं नये. तयार मिश्रणांत विळीचें जुनें पातें मिनिटभर बुडवावें. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असें समजून आणखी घालावा. फवारणी सकाळीं करावी, मुलांना दूर ठेवावें, आणि फळ पिकूं लागल्यावर हें मुळींच वापरूं नये. हिवाळ्यांत 'भुरी' येते, तिला गंधकाची बारीक पूड धुरळली कीं पुरतें. नवीन कोंब कुरतडणारा 'उडद्या' भल्या पहाटे गारठलेला असतो. खालीं जुनें धोतर पसरून वेल हालवावी व पडलेले किडे साबणाच्या पाण्यांत टाकावेत. हें काम घरांतील मुलें आनंदानें करतात.

ऑक्टोबरांत, दसरा-दिवाळीच्या दरम्यान पाऊस निश्चित उघडला म्हणजे गोडी छाटणी. तोंवर काड्या तपकिरी व पेन्सिलीएवढ्या जाड झाल्या असतील. वाण कोणता हें पत्रांत नाहीं, आणि आतां विचारण्यास मामंजी नाहींत. तेव्हां अर्ध्या काड्या तीन-चार डोळ्यांवर व अर्ध्या सात-आठ डोळ्यांवर कापाव्यात, आणि कोणत्या डोळ्यांतून घोंस निघाले तें वहींत टिपून ठेवावें. पुढच्या वर्षीं दुसऱ्या कोणास विचारावें लागणार नाहीं. घोंस निघाले तर पहिल्या वर्षीं दहा-बाराच ठेवावेत, व मणी मऊ पडूं लागतांच त्यांना मलमलीच्या पिशव्या बांधाव्यात. नाहींतर खारी आपल्या आधीं चव घेतात. या छाटणींत निघालेल्या काड्याही टाकूं नयेत. चार डोळ्यांचे तुकडे करून कुंडींत ओल्या वाळूमातींत खोंचले तर त्यांतले बरेच मुळ्या धरतात. पत्रांत दोन नणंदा सासरीं असल्याचा उल्लेख आहे; माहेरच्या या वेलीची एकेक कुंडी त्यांनाही पोंचवितां येईल.

मांडवाची एक बाजू मोकळी आहे, तिथें काय लावावें, असेंही विचारलें आहे. तिथें दोडका व घोसाळें लावावें. ऋषिपंचमीच्या भाजीला बैलाच्या कष्टांवांचूनची भाजी घरचीच होईल. दोहोंत एक गंमत आहे. घोसाळ्याचें फूल पहाटे उमलतें आणि दोडक्याचें तिन्हीसांजेला. दोडका धरत नाहीं अशी तक्रार करणाऱ्यांनीं दिवेलागणीला नरफूल तोडून त्याचे केसर मादीफुलाला लावून पाहावेत. मादीफुलाच्या मागें इवलासा दोडका असतो, त्यावरून तें ओळखतां येतें. तोंडली बीं पेरून लावूं नये. फळणाऱ्या वेलीची कांडी मागून आणावी. या वेली द्राक्षावर मात्र चढूं देऊं नयेत, नाहींतर पुन्हां तोच अंधार.

हदगांवच्या भगिनींनीं प्रथम ती गांठ पाहावी, आणि खोड वरून निघालें आहे कीं खालून, एवढें एका पोस्टकार्डावर मला कळवावें. पानाचें चित्र काढून पाठविलें तर अधिकच बरें. तोंवर भाऊजींना पत्र्याची मागणी नोंदवूं देऊं नये.